डाव्या बाजूचे सर

एक्सेलवाले सर यादी वाचत नाहीत. चौदाशे ओळींची शीट समोर आली तरी नाव, गाव, रक्कम यांच्याकडं ते ढुंकूनही बघत नाहीत. नजर थेट तारखेच्या कॉलमवर. तारखा सेलच्या उजव्या कडेला टेकलेल्या दिसल्या की कपाळाला आठी. डाव्या कडेला दिसल्या की "बरंय." आणि निम्म्या डावीकडं, निम्म्या उजवीकडं दिसल्या की सर खुर्ची मागं सरकवतात, चष्मा काढतात आणि शांतपणे विचारतात, "ही कुणी भरली?" त्या क्षणी खोलीतल्या सगळ्यांना एकदम चहाची तल्लफ येते.

कारण साधं आहे. एखादी नोंद तारीख म्हणून पटली की एक्सेल तिला आकडा समजतो आणि आकड्यांच्या रांगेत उजवीकडं उभी करतो. नाही पटली की ती नुसता मजकूर म्हणून डावीकडं राहते. सर्वसाधारण माणसाला वाटतं, पटलेली बरी. सरांचा अनुभव उलटा आहे. निवडणुकीत ते कुणाला मत देतात हे त्यांच्या घरातही कुणाला ठाऊक नाही, पण एक्सेलमध्ये ते कट्टर डावे आहेत.

असा एक माणूस आता प्रत्येक कचेरीत सापडतो. शाळेत तो क्लार्क असतो, पतसंस्थेत वसुली अधिकारी, सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप संपूनही न गेलेला मुलगा, हाउसिंग सोसायटीत बँकेतून निवृत्त झालेले काका. पुष्कळ ठिकाणी त्या मॅडम असतात आणि तिथली शिस्त आणखी कडक असते. 'तारखा नीट करणे' हे काम कुणाच्याच नेमणूकपत्रात लिहिलेलं नसतं. कधीतरी कुठल्यातरी पोर्टलनं फाइल परत पाठवलेली असते, सगळे हात टेकून बसलेले असतात, हे येऊन काहीतरी खटपट करतात आणि फाइल जाते. तेव्हापासून ते 'एक्सेलवाले'. मूळ आडनाव फक्त पगारपत्रकावर उरतं.

आपले सर कोल्हापूर-सांगलीकडच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या शेती विभागात आहेत. शिक्षण बी. कॉम., अनुभव तीन चेअरमन.

सरांची कालगणना पंचांगकर्त्यांना घाम फोडील अशी आहे. एक्सेलच्या पोटात तारीख नसतेच, दिवसांची मोजणी असते. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस, तिथून पुढं रोज एक. त्या हिशेबानं देश स्वतंत्र झाला १७३९४ ला आणि महाराष्ट्र राज्य स्थापन झालं २२०३७ ला. सरांना हे तोंडपाठ आहे. १ मेच्या झेंडावंदनाला ते शेजारच्या माणसाच्या कानात "बावीस हजार सदतीस" असं पुटपुटतात आणि तो माणूस बोनसची रक्कम समजून चमकतो.

या मोजणीत साठावा दिवस आहे २९ फेब्रुवारी १९००. तो दिवस कधी उगवलाच नाही. शतकाच्या वर्षाला चारशेनं भाग गेला तरच ते लीप, आणि १९०० ला जात नाही. पण १९८३ साली बाजारात आलेल्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटनं १९०० हे लीप वर्ष धरलं होतं. त्याच्या फाइली आपल्याकडं जशाच्या तशा उघडाव्यात म्हणून एक्सेलनं ती चूकही जशीच्या तशी घेतली, आणि ती आजतागायत आहे. सरांना ही हकीकत फार प्रिय. "मागच्यानं रजिस्टरात लिहिलेलं पुढच्यानं खोडायचं नाही, ही काय आपल्याच ऑफिसची पद्धत आहे होय?" असं ते विचारतात.

१९०० च्या अलीकडचंच एक्सेलला कळतं. त्याच्या पलीकडं त्याच्या लेखी काळच नाही. ६ जून १६७४ ही शिवराज्याभिषेकाची तारीख टाइप करा, ती मुकाट डावीकडं उभी राहते. २३ जुलै १८५६, लोकमान्यांचा जन्म, तीही डावीकडं. कारखान्याच्या स्मरणिकेसाठी परिसराच्या इतिहासाची सनावळी आली तेव्हा तिच्यातली एकही तारीख बिघडली नव्हती. सरांनी इतिहासाच्या प्राध्यापकांना बोलावून घेतलं आणि काम किती स्वच्छ केलंय म्हणून दोनदा धन्यवाद दिले. आपण नेमकं काय केलं हे प्राध्यापकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

उसाला मात्र ही सवलत नाही. उसाचं सगळं लागणीच्या तारखेवर ठरतं. जुलै-ऑगस्टची ती आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीची सुरू. आडसालीनं सोळा-अठरा महिने रानात काढायचे, सुरूनं बारा. तोडणीचा क्रम त्यावरून लागतो. बांधावर जाऊन ही तारीख नोंदवतो चिटबॉय. एका हंगामात एका चिटबॉयनं आपल्या गटाची नोंद भावाच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर केली. त्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये देश होता अमेरिका, आणि तिकडं आधी महिना, मग दिवस. ०७/०१/२०२३, म्हणजे सात जानेवारीची सुरू लागण, तिची लॅपटॉपनं १ जुलै केली. सुरूची झाली आडसाली, आणि तोड गेली पुढच्या हंगामात.

तेरा तारखेपासून पुढं लागण केलेले यातून सुटले, कारण तेरावा महिना अमेरिकेतही नाही. १३/०१/२०२३ चं काय करायचं हे लॅपटॉपला कळेना, म्हणून त्यानं ती तशीच डावीकडं टाकून दिली. पुढं कारखान्याच्या सॉफ्टवेअरनं अशी प्रत्येक ओळ 'इनव्हॅलिड डेट' म्हणून परत धाडली आणि क्लार्क लोकांनी ती हातानं भरली. म्हणजे चुकीच्या तारखा निमूट आत गेल्या आणि बरोबर होत्या त्या दारात अडल्या. ७ जुलैला लागण केलेला गडी तेवढा नशीबवान, उलटी करा की सुलटी, सात जुलैच. बाकीच्यांकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. ते गेलं एका शेतकऱ्यानं येऊन टेबलावर हात आपटला तेव्हा. "सर, माज्या उसाला तुरा आलाय, आन् तुमचा कागद म्हणतोय पोरगं अजून ल्हान हाय!"

सरांनी चिटबॉयची मूळ शीट मागवली. उजवीकडं साडेपाचशे, डावीकडं साडेआठशे. आजार तिथंच कळला. उजवीकडच्यांवर त्यांनी एक सूत्र चालवलं, त्यात मुद्दाम एमएम आधी लिहिलं आणि डीडी नंतर. उलट्या झालेल्या तारखा पुन्हा उलटल्या आणि सरळ झाल्या. शेतकऱ्याला चहा पाजला. चिटबॉयला पाजला नाही.

त्या दिवसापासून शेती विभागात फर्मान आहे: तारीख एक्सेलच्या हाती द्यायची नाही. आधी रिकामा कॉलम निवडायचा, कंट्रोल-वन दाबायचं, टेक्स्ट करायचं आणि मगच टाइप करायला बसायचं. एखाद-दुसरी नोंद असेल तर तिच्या आधी वरचा कॉमा. तो सेलमध्ये दिसत नाही, पण त्याच्या धाकानं एक्सेल आतल्या मजकुराला हात लावत नाही. सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण उगवला तर घाबरायचं नाही. तो एक्सेलचा निषेध आहे, नोंदवून घ्यायचा आणि पुढं जायचं.

क्रम चुकला तर काय होतं, याचा एक नमुना सरांनी प्रिंट काढून काचेखाली ठेवलाय. नोंदीसोबत कोणती कागदपत्रं आली त्याचा तक्ता करताना नव्या मुलीनं एका कॉलमला मथळा दिला ७/१२. एंटर मारल्याबरोबर सातबारा उताऱ्याचा ७ डिसेंबर झाला. घाबरून तिनं तो सेल टेक्स्ट केला. डिसेंबर गेला आणि त्या जागी आलं ४५२६७. शेजारी गट नंबर १२/३ होता, त्याचा आधी १२ मार्च आणि मग ४४९९७ झाला. नंतर टेक्स्ट केल्यानं मूळ नोंद परत येत नाही, पोटातली मोजणी तेवढी उघडी पडते. त्या सगळ्या पानावर शाबूत राहिला तो फक्त ८अ. 'अ' होता म्हणून वाचला. खालच्या कोपऱ्यात सरांच्या अक्षरात शेरा आहे: 'हा फेरफार तलाठ्यालाही जमला नसता.'

आधीच भरलेल्या शीटवर सर फोनवरून इलाज करतात. पलीकडं कुठल्यातरी गट ऑफिसातला मुलगा असतो.

"शेजारी रिकामा कॉलम घे."

"घेतला सर."

"बरोबरचं चिन्ह. टेक्स्ट. कंस सुरू. ए दोन, कॉमा, डबल कोटात डीडी डॅश एमएम डॅश वाय."

"वाय किती सर?"

"चार. वर्ष किती आकडी असतं तुमच्याकडं?"

"झालं सर! डावीकडं गेली."

"आता खालपर्यंत ओढ. कॉपी कर. मग पेस्ट स्पेशल, व्हॅल्यूज."

"जुना कॉलम डिलीट केला सर."

"व्हॅल्यूज केलंस का आधी?"

पलीकडं बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज.

"सर, सगळीकडं हॅश आर ई एफ आलंय."

"कंट्रोल झेड," सर म्हणतात. दिवसातून सर्वांत जास्त वेळा ते उच्चारत असतील तर हे.

डाव्या पंथाचे तोटे सरांना ठाऊक नाहीत असं नाही. मजकूर झालेली तारीख वयाच्या क्रमानं लागत नाही, अक्षराच्या क्रमानं लागते. म्हणून ०१-१२-२०२३ ही ०२-०१-२०२० च्या आधी जाऊन बसते. दोन तारखांची वजाबाकी करायची तर तिला पुन्हा आकडा करावं लागतं. शिवाय टेक्स्टच्या कॉलमात ३१ एप्रिलही सुखानं राहते, कुणी हटकत नाही. म्हणून सरांच्या प्रत्येक शीटमध्ये तारखेचे दोन कॉलम असतात, एक हिशेबाचा आणि एक पाठवायचा. हत्तीचे दात वेगळे, हे साहेबांना ते दर हंगामात समजावून सांगतात. साहेब दर हंगामात विचारतात, "मग हा दुसरा कॉलम काढून टाकू?"

पाठवायच्या कॉलमचंही एक ठरलेलं रूप नाही. जीएसटीच्या ऑफलाइन टूलच्या टेम्प्लेटला महिना तीन इंग्रजी अक्षरांत लागतो. टॅलीच्या एक्सएमएलला वर्ष, महिना, दिवस असे आठ आकडे सलग लागतात, २०१७०७०१. आयएसओनं १९८८ साली ८६०१ क्रमांकाचं मानक काढून वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असं जगाला सांगून ठेवलंय, पण प्रत्येक पोर्टल आपल्या जन्मगावच्या रिवाजानं चालतं. सरांना मनापासून आवडतो तो बँकेचा चेक. सीटीएस-२०१० च्या चेकवर तारखेसाठी आठ चौकोन छापलेले असतात आणि प्रत्येकाखाली डी, एम, वाय लिहिलेलं असतं. कोऱ्या चेककडं इतक्या प्रेमानं बघणारा माणूस बँकेच्या मॅनेजरनं दुसरा पाहिलेला नाही.

आणि काही इम्पोर्ट करणाऱ्या प्रणाली तर पहिल्या आठ ओळी बघतात आणि त्यावरून अख्ख्या कॉलमचा स्वभाव ठरवतात, पुढच्या खोलीतला सोफा बघून घराणं पसंत करणाऱ्या पाहुण्यांसारखं. पहिल्या आठ तारखा आकड्यांतल्या आणि नववी मजकुरातली असेल तर नववीचा रकाना कोरा जातो. म्हणून सर पहिल्या आठ ओळी स्वतः तपासतात आणि उरलेल्या तेराशे ब्याण्णव पोरांना देतात.

सरांची खरी कसोटी लागते ती जन्मतारखांच्या यादीला. आपल्याकडं एका पिढीचा जन्म १ जूनचा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आईबापांना तारीख आठवायची नाही, गुरुजी दाखल्यावर १ जून लिहून मोकळे व्हायचे. त्यामुळं सभासदांच्या यादीत १ जूनवाल्यांची झुंबड असते. अमेरिकी सेटिंगमध्ये ती सगळी फौज एका एंटरनिशी ६ जानेवारीला जन्मते. सरकारी नोकरीत तर १ जूनवाला ३१ मे रोजी निवृत्त होतो, कारण महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेल्याला आदल्या महिन्याच्या अखेरीस घरी पाठवण्याचा नियम आहे. जन्म ६ जानेवारीला सरकला तर निवृत्ती ३१ जानेवारीला येते. चार महिन्यांचा पगार एका तिरक्या रेघेत गेला. झेडपीच्या शाळेतले सरांचे मेहुणे या विषयावर घरात विनोद करू देत नाहीत.

ज्यांनी जन्मतारीख दिलेलीच नाही त्यांची तऱ्हा न्यारी. रिकाम्या सेलवर ते टेक्स्टचं सूत्र ओढलं की एक्सेल बिनदिक्कत ००-०१-१९०० छापतो. शून्य जानेवारी. ही मंडळी शतकाच्याही एक दिवस आधीची. दोनच आकड्यांत वर्ष लिहिणाऱ्यांचं तर आणखी अवघड. एक्सेलचा जुना नियम असा की ०० ते २९ म्हणजे दोन हजाराच्या पुढं आणि ३० ते ९९ म्हणजे एकोणीसशेच्या पुढं. त्यामुळं १९२८ साली जन्मलेल्या, भागभांडवल उभारायला गावोगाव हिंडलेल्या आजोबांच्या नावापुढं २०२८ येतं. वार्षिक सभेत पहिल्या रांगेत फेटा बांधून बसलेला हा सभासद यादीप्रमाणं अजून जन्मायचाय. स्मरणिकेच्या डिझायनरकडून जुन्या मॅकवरची फाइल आली तेव्हा संचालक मंडळ एका रात्रीत चार वर्षं एक दिवसानं म्हातारं झालं. तिकडची मोजणी १९०४ पासून सुरू व्हायची, फरक १४६२ दिवसांचा. संचालकांनी काही तक्रार केली नाही. ज्येष्ठतेचा प्रश्न होता.

एवढं सगळं सांभाळून फाइल तयार होते. टेक्स्ट झालेली, व्हॅल्यूज केलेली, सीएसव्हीत साठवलेली. ती फक्त नोटपॅडमध्ये उघडून बघायची, हा सरांचा शेवटचा आणि सर्वांत कडक नियम. कारण सीएसव्हीत नुसती अक्षरं आणि कॉमे असतात. हा कॉलम टेक्स्ट आहे, ही आठवण तिच्यात कुठंच साठत नाही. ती एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की एक्सेल नव्या उत्साहानं सगळ्या तारखा पुन्हा ओळखतो.

आणि शेवटच्या दिवशी, संध्याकाळी पावणेसहाला, साहेब म्हणतात, "पाठवण्याआधी एकदा नजर टाकतो."

सर उठून उभे राहतात. टेबलांमधून वाट काढत केबिनपर्यंत जायला त्यांना पंधरा-वीस पावलं लागतात, डबल क्लिकला पाऊलही लागत नाही. दार उघडतात तेव्हा साहेब प्रसन्न मुद्रेनं सांगतात, "छान झालंय. मी फक्त बघितलं, काही केलं नाही. बंद करताना त्यानं सेव्ह करू का विचारलं, म्हटलं कर." सर काही बोलत नाहीत. जागेवर येऊन डबा उघडतात आणि घरी फोन लावतात, "आज उशीर होईल."

सरांच्या विद्येला जगात मान आहे याची खबर त्यांना फार उशिरा लागली. माणसाच्या काही जनुकांची इंग्रजी नावं सेप्ट-टू, मार्च-वन अशी होती. संशोधकांनी ती एक्सेलमध्ये भरली आणि एक्सेलनं त्यांना २ सप्टेंबर, १ मार्च करून टाकलं. २०१६ साली एका पाहणीत दिसलं की एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडणाऱ्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात असल्या चुका आहेत. अखेर जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलली. मार्च-वनचं झालं मार्चएफ-वन, सेप्ट-टूचं सेप्टिन-टू. सरांनी हे कात्रण साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी वाचून विचारलं, "त्यांच्याकडं कुणी एक्सेलवाला नव्हता?" सर आठवडाभर खुशीत होते.

यंदा दिवाळीला भाचा श्टुटगार्टहून आला. तो तिकडं एका कंपनीत डेटाचंच काम करतो, त्यामुळं मामा-भाच्यांचं जमतं. जर्मन एक्सेलमध्ये चार वाय चालत नाहीत, तिथं वर्षासाठी चार 'जे' आणि दिवसासाठी दोन 'टी' लिहावे लागतात, हे ऐकून सरांनी हातातली चकली खाली ठेवली होती. या खेपेला त्यानं मामांच्या लॅपटॉपवर नवीन एक्सेल टाकून दिलं आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, "मामा, मायक्रोसॉफ्टनं २०२३ मध्ये सोय केलीय. फाइल, ऑप्शन्स, डेटा. तिथली खूण काढली की आपोआप तारीख करणं बंद. तुमचं काम संपलं."

मामींनी आतून विचारलं, "म्हणजे आता वेळेवर घरी येणार?"

सरांनी चष्मा चढवला, खूण काढली, नवी शीट उघडली आणि एका बोटानं टाइप केलं: सात, तिरकी रेघ, बारा. एंटर.

७ डिसेंबर.

भाच्यानं पुन्हा ऑप्शन्स उघडलं, ओळ नीट वाचली. अक्षराला चिकटून आकडा आला तर त्याची तारीख करू नये, एवढंच त्या खुणेचं काम होतं. मार्च-वन वाचला होता. तिरकी रेघ त्यात कुठंच नव्हती. "मामा," तो जरा ओशाळून म्हणाला, "हे त्यांनी धरलेलं दिसत नाही."

"धरतील कसं?" सर कंट्रोल-वनवर बोट ठेवत म्हणाले. "त्यांच्याकडं कुठाय सातबारा!"